तो कागद मुलालाही समजावून सांगा

प्रति,
लहान मुलांचे कान तपासणारे, त्यांना मशीन लावून देणारे आणि बोलायला शिकवणारे सर्व डॉक्टर, ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांस,

सप्रेम नमस्कार.

मी जन्मापासून दोन्ही कानांनी बहिरी आहे आणि बहिऱ्या मुलांना शिकवते. माझ्या वर्गात येणारं प्रत्येक मूल त्याआधी तुमच्यापैकी कुणाच्या तरी खुर्चीत बसून आलेलं असतं. आपल्या कानांना काय झालंय, का झालंय आणि पुढे काय होणार, याबद्दल त्याच्या काही पक्क्या समजुती झालेल्या असतात. त्यांतल्या बऱ्याचशा तुमच्या खोलीत तयार होतात, कारण तिथे त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं आणि न सांगितलेलं मूल आपल्या परीने जुळवून घेतं. म्हणून हे पत्र आईवडिलांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

माझं मागणं एकच आहे. मूल बहिरं आहे आणि मोठं झाल्यावरही बहिरंच असणार आहे, हे त्या मुलाला तुम्ही सांगा. त्याच्यासमोर बसून, त्याच्या डोळ्यांकडे बघून, त्याला कळेल त्या भाषेत. आईला सांगितलंय, ती सांगेल घरी, यावर सोडू नका. निदान ऐकल्यावर आई स्वतःच कित्येक महिने सावरत असते. बहिऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी मोठं बहिरं माणूस जवळून कधी पाहिलेलंही नसतं. त्यांनी मुलाला काय सांगायचं, आणि कशाच्या आधारावर?

तपासणीची खोली तुम्ही रोज पाहता. तीच एकदा मुलाच्या बाजूने पाहा. डोक्यावर जड हेडफोन, हातात ठोकळा, समोर डबा. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. सुरुवातीला मजा येते. मग आवाज हळू होत जातो, इतका हळू की तो आला की आपल्याला नुसतं वाटलं, हेच कळेनासं होतं. काचेपलीकडे तुमचा चेहरा दिसत असतो. ठोकळा पडला की तुम्ही हसून मान हलवता. बराच वेळ पडला नाही की तुमच्या कपाळावर एक बारीक आठी येते. बहिरी मुलं चेहरे वाचण्यात पटाईत असतात, ती आठी त्यांच्या नजरेतून सुटत नाही. मग हातातला ठोकळा अंदाजाने पडायला लागतो. तुम्ही तो चुकीचा प्रतिसाद म्हणून बाजूला काढता आणि तोच आवाज पुन्हा देता. मुलाच्या लेखी मात्र ही परीक्षा असते आणि त्याला त्यात पास व्हायचं असतं.

मग दार उघडतं. तुम्ही तपासणीच्या निकालाचा कागद घेऊन आईकडे वळता. त्यावर लाल गोल, निळ्या फुल्या आणि खाली खाली उतरत गेलेल्या दोन रेघा. तुम्ही बोटाने दाखवत बोलता, आई मान डोलावते, तिचे डोळे भरतात. मूल खुर्चीत बसून दोघांचे चेहरे पाहतं. काय बोलणं चाललंय ते त्याला ऐकू येत नाही, तुमची तोंडं त्याच्याकडे वळलेली नसतात. त्याला एवढंच समजतं की मी नापास झालो आणि म्हणून आई रडतेय. हे मला एकाच मुलाने सांगितलेलं नाही. वेगवेगळ्या वयांच्या, वेगवेगळ्या घरांतल्या मुलांनी जवळजवळ याच शब्दांत सांगितलं आहे.

तोच कागद पाच वर्षांच्या मुलालाही समजतो. मी वर्गात समजावते, तुम्हाला तर ते माझ्याहून सोपं जाईल. वरून खाली गेलं की आवाज मोठा. डावीकडून उजवीकडे गेलं की आवाज जाड होता तो बारीक झाला. माणसांचं बोलणं कागदाच्या या भागात बसतं. तुझा कान इथून सुरू होतो. म्हणून धाडकन दार लागलेलं तुला कळतं आणि मागून मारलेली हाक कळत नाही. म्हणून ‘आ’ आणि ‘ओ’ थोडेफार पोचतात, ‘स’ आणि ‘श’ पोचत नाहीत. एवढं सांगून झालं की मुलाच्या चेहऱ्यावर काय दिसतं, ते पाहण्यासाठी तरी हे करा. ज्या मुलाने दिवसातून अनेकदा ‘लक्ष कुठे असतं तुझं’ हे ऐकलेलं, खरं तर पाहिलेलं असतं, त्याला आपण लक्ष देत नव्हतो असं नाही हे पहिल्यांदा पुराव्यासकट कळतं. कागदावर पास-नापास काही लिहिलेलं नाही, हेही मी त्याला शोधायला लावते. मुलं खरंच शोधतात, मागची बाजूसुद्धा पाहतात.

कानाच्या आत काय आहे हेही सांगा. मुलांना आतलं काहीही आवडतं. कानात खोलवर गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी आहे, तिच्यात केसांसारखी टोकं असलेल्या अगदी बारीक पेशी आहेत, एका कानात साधारण 15 हजार. आवाज आला की त्या हलतात आणि मेंदूला निरोप जातो. बहुतेक बहिऱ्या मुलांमध्ये बिघाड या पेशींत किंवा त्यांना सांभाळणाऱ्या आजूबाजूच्या यंत्रणेत असतो. कोंबडीच्या कानातल्या अशा पेशी गेल्या तर पुन्हा उगवतात, माणसाच्या कानातल्या उगवत नाहीत. कोंबडीवर माझ्या वर्गातली मुलं हमखास अडतात. कोंबडीला येतात आणि आपल्याला का नाही, यावर जोरदार चर्चा होते. आणि त्या चर्चेत, कुणी गंभीर चेहरा न करता, ‘उगवत नाहीत’ ही गोष्ट त्यांच्या मनात जाऊन बसते.

ती बसणं फार गरजेचं आहे. का, ते सांगते.

एकदा आठेक वर्षांचा एक मुलगा आईबरोबर मला भेटायला आला. आल्या आल्या त्याची नजर माझ्या कानाकडे गेली. जवळ येऊन त्याने माझ्या मशीनच्या, कानात बसणाऱ्या मोल्डला बोट लावून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला जाऊन दुसरा कान तपासला. मग माझे पांढरे केस पाहिले. आणि हातांनी, थोडं तोंडाने, मला विचारलं, “तुम्ही अजून बहिऱ्या?”

त्याला वाटत होतं की मोठं झालं की ऐकू येतं. यात त्याची काहीच चूक नव्हती. त्याने पाहिलेली सगळी मोठी माणसं ऐकत होती. आई, बाबा, आजी, शिक्षक, डॉक्टर, शेजारी, सगळे. बहिरी होती ती शाळेतली मुलं, म्हणजे फक्त लहान. दुधाचे दात पडून दुसरे येतात, उंची वाढते, आवाज फुटतो, तसे कानही येत असणार, असा हिशोब त्याने मांडला होता. कोणत्याही हुशार मुलाने हाच मांडला असता. तो ‘मोठं होण्याची’ वाट पाहत होता आणि घरात कुणालाच त्याची कल्पना नव्हती. त्याची आई हे ऐकून थक्क झाली. तिने कधी सांगितलं नव्हतं, कारण त्याला माहीत नसेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

काही मुलं याहून भयंकर निष्कर्षाला पोचतात. बहिरी मोठी माणसं दिसतच नाहीत, म्हणजे बहिरी मुलं मोठी व्हायच्या आत मरत असणार. तुम्हाला हे अतिशयोक्त वाटेल. कुठल्याही देशातल्या बहिऱ्या प्रौढांमध्ये बसून लहानपणाचा विषय काढा, ‘मला वाटायचं मी मोठी झाले की ऐकू येईल’ आणि ‘मला वाटायचं मी मोठा होणारच नाही’, ही दोन्ही वाक्यं तुम्हाला भेटतील. सहा-सात वर्षांचं मूल ही भीती घेऊन रोज रात्री झोपत असेल आणि तीन महिन्यांनी तुमच्याकडे मोल्ड बदलायला येत असेल. तुम्ही त्याचा कान पाहता, मोल्ड सैल झालाय म्हणता, नवीन माप घेता. तेवढ्यात एक वाक्य बोलता येतं. “तू मोठा झालास की कान मोठा होईल, मोल्ड मोठा लागेल, पण ऐकणं असंच राहील. आणि तू छान म्हातारासुद्धा होशील.”

आज जगभर नवजात बाळांच्या श्रवणचाचणीचं एक वेळापत्रक मानलं जातं. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत मदत सुरू. ते उत्तमच आहे, भाषेच्या दृष्टीने ते महिने अनमोल असतात. पण त्यामुळे एक नवी गोष्ट घडली आहे. घरातल्या सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि ज्याच्याबद्दल ठाऊक असतं त्याला कुणी सांगायचं राहून जातं. सांगण्याचा महिना कुठल्याच तक्त्यात नाही. माझ्या अनुभवाने तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘माझे कान बहिरे आहेत, मी डोळ्यांनी ऐकतो’ एवढं पुरतं. सहा-सातला कागद आणि शंख. दहाला कारणं. चौदाला, मला मुलं झाली तर ती बहिरी होतील का, हा प्रश्न येतो आणि तो आईसमोर विचारता येत नाही. एकदाच कधीतरी बसून सगळं सांगण्याने काही होत नाही. दर वेळी थोडं थोडं, मूल वाढेल तसं वाढवत न्यायला लागतं.

कारणांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे मुलं फार एकटी असतात. ‘मी काय केलं म्हणून?’ हा प्रश्न मुलाच्या मनात असतोच. ‘आईने काय केलं म्हणून?’ हाही असतो, कारण मोठ्यांच्या हातवाऱ्यांतून, चेहऱ्यांतून त्याने ते वारे टिपलेले असतात. ज्या घरात कारण माहीत आहे तिथे ते मुलाला सांगावं. गरोदरपणातला संसर्ग, वेळेआधी जन्म, मेंदूज्वर, एखादं औषध, जे असेल ते. जन्मजात बहिरेपणाचं एक फार मोठं कारण आनुवंशिक आहे. जीजेबी-टू या एका जनुकातला बदल आई आणि बाबा दोघांकडून आला, तर मूल बहिरं जन्मतं. दोघांना स्वतःला नीट ऐकू येतं, कारण त्यांच्याजवळ त्या जनुकाची एक चांगली प्रतही असते. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाच्या वेळी चारात एक अशी शक्यता असते. हे दहा वर्षांच्या मुलाला चार चौकोन काढून दाखवता येतं. ते चौकोन पाहून एका मुलीने लगेच विचारलं होतं, “म्हणजे आईने काही केलं नाही?” तो प्रश्न तिने किती दिवस जपला असेल ते तिलाच ठाऊक. उत्तर तुमच्याकडे होतं. तिच्या फाइलमध्येच होतं.

आता कॉक्लिअर इम्प्लांटकडे, म्हणजे शस्त्रक्रिया करून कानात बसवलेल्या यंत्राकडे येते, कारण तिथे न सांगण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आहे. मी इम्प्लांटच्या विरोधात नाही. लवकर शस्त्रक्रिया झालेली, घरून भरपूर भाषा मिळालेली आणि सुंदर बोलणारी मुलं माझ्या ओळखीची आहेत. पण इम्प्लांट काय करतं? बिघडलेल्या पेशींना वगळून, शंखात सरकवलेल्या तारेवरच्या बारा ते बावीस इलेक्ट्रोडमधून ऐकण्याच्या नसेला थेट वीज पोचवतं. बाहेरचा प्रोसेसर काढला की सगळं थांबतं. अंघोळीला, झोपताना, बॅटरी संपली की मूल पुन्हा पूर्ण बहिरं. प्रोसेसर लावलेला असतानाही गोंगाटात, घोळक्यात, लांबून बोललेलं निसटतं. अशा मुलाला घरात आणि तुमच्याकडे सांगितलेलं असतं, ‘तुला आता ऐकू येतं.’ मग निसटलं की ते स्वतःलाच दोष देतं. ‘माझी मैत्रीण बहिरी आहे, तिला मशीन आहे. मला तर ऐकू येतं, मग मला का कळलं नाही?’ या मुलाला ‘मी बहिरा आहे आणि हे माझं साधन आहे’ असं म्हणता आलं पाहिजे. ते म्हणायला त्याला तुमची परवानगी लागते, कारण तुमच्या शब्दाला त्याच्या घरात वजन आहे.

आणि तुमच्या शब्दाला वजन आहे म्हणूनच एक वाक्य तुम्ही कायमचं सोडून द्यावं अशी कळकळीची विनंती करते. ‘किती छान बोलायला लागलाय, कुणाला कळणारसुद्धा नाही हा बहिरा आहे!’ तुम्ही हे कौतुकाने म्हणता. आईला त्या दिवशी आकाश ठेंगणं होतं. मूल मात्र त्यातून शिकतं की कळणं वाईट असतं. आपलं यश म्हणजे लपणं. मग ते आयुष्यभर लपण्याची कला शिकतं, आणि ती कला किती थकवते हे मी जाणते. सगळे हसले की अर्ध्या क्षणाने हसायचं. कुणी काही विचारलं आणि कळलं नाही तर मान डोलवायची. समोरच्याचा चेहरा प्रश्नार्थक दिसला तर ‘हो’ म्हणून पाहायचं, चेहरा बिघडला तर ‘नाही’ म्हणायचं. वर्गात ‘समजलं का?’ विचारलं की सर्वांत आधी हो म्हणणारं मूल बहुधा माझं बहिरं मूल असतं. तुम्ही ज्याला उत्तम प्रगती म्हणता त्यात अशा मान डोलावण्याचा वाटा किती, हे तपासायचं कुठलं यंत्र नाही. मुलाला नीट विचारलं तर ते सांगतं.

घरातही हेच. चार माणसं गप्पा मारत बसली आहेत, कुणीतरी काही म्हणतं, सगळे खळखळून हसतात. मूल आईचा दंड हलवतं, काय झालं? आई म्हणते, “काही नाही रे, असंच.” किंवा “नंतर सांगते.” ते नंतर कधी येत नाही. प्रेम कमी असतं असं नाही, विनोद पुन्हा सांगण्याजोगा वाटत नाही एवढंच. पण घरातली भांडणं, चेष्टा, शेजारच्यांच्या बातम्या, आजोबांच्या दुखण्याची कुजबुज, पैशांची चिंता, यांतूनच मुलं जग शिकत असतात, कुणी मुद्दाम न शिकवता. बहिऱ्या मुलापर्यंत फक्त त्याला उद्देशून बोललेलं पोचतं, आणि ते बहुधा ‘जेव’, ‘आवर’, ‘मशीन घाल’ असतं. तुम्ही पालकांना मशीन किती तास वापरलं हे विचारता. आज घरातल्या गप्पांमधलं किती त्याला सांगितलं, हेही विचारा. निदान त्या प्रश्नामुळे घरी कुणीतरी विनोद पुन्हा सांगायला लागेल.

ओठांवरून कळतंच की त्याला, असं अजूनही सांगितलं जातं. आरशासमोर उभं राहून आवाज न करता ‘पान’, ‘बाण’, ‘मान’ म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात आणि उघडतात. ‘क’, ‘ख’, ‘ग’ तर घशाजवळ होतात, ओठांवर येतच नाहीत. म्हणजे ओठ पाहणारं मूल दिवसभर गाळलेल्या जागा भरत असतं, तेही समोरचा बोलत असतानाच. म्हणून ते शाळेतून आलं की मशीन काढून कोपऱ्यात ठेवतं. तान्ह्या बाळाच्या बाबतीत जागेपणी सतत मशीन, हा तुमचा आग्रह मला मान्य आहे, त्या वयात कानाला भाषा मिळायची तर तोच मार्ग. पण नऊ वर्षांचं मूल संध्याकाळी तासभर शांतता मागत असेल तर त्यात बंड नाही, थकवा आहे. ‘तुझा मेंदू दिवसभर दुप्पट काम करतो, त्याला विश्रांती दे,’ हे तुम्ही त्याच्या आईसमोर म्हणालात तर त्या घरातलं रोजचं एक भांडण मिटेल.

खुणांच्या भाषेबद्दल तुमच्यापैकी अनेकांशी माझा वाद होतो आणि तो मी इथेही टाळणार नाही. ‘खुणा शिकवू नका, बोलायचा आळस करेल’ हा सल्ला अजून दिला जातो. 1880 मध्ये मिलानला भरलेल्या परिषदेने बहिऱ्या मुलांच्या शिक्षणात बोलण्यालाच अग्रस्थान द्यायचं आणि खुणा हटवायच्या असं ठरवलं. मतं देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यानंतर कित्येक पिढ्यांच्या मुलांना हात मागे बांधून बसवलं गेलं, हातांवर छड्या बसल्या, बहिरे शिक्षक शाळांतून गेले. तीच आंतरराष्ट्रीय परिषद 2010 मध्ये व्हँकुव्हरला भरली तेव्हा तिने ते ठराव फेटाळले आणि त्यांच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. 130 वर्षं लागली. मधल्या काळात संशोधन कुठच्या कुठे पोचलं. 1960 पासून भाषाशास्त्रज्ञ दाखवत आले आहेत की खुणांच्या भाषांना स्वतःचं व्याकरण असतं. 1991 मध्ये कॅनडातल्या दोन संशोधकांनी दाखवलं की बहिऱ्या आईवडिलांची बहिरी बाळं हातांनी बडबडतात, आणि तेही ऐकू येणारी बाळं तोंडाने बडबडतात त्याच वयात. मेंदूला भाषा हवी असते. ती कानातून आली की डोळ्यांतून, याची त्याला फिकीर नसते.

पण या पत्रात मला खुणांचं महत्त्व वेगळ्याच कारणाने सांगायचं आहे. मुलाला ‘तू बहिरा आहेस, आणि ठीक आहेस’ हे सांगायला आधी दोघांमध्ये एक भाषा लागते. ज्या मुलाकडे सात वर्षांचं होईपर्यंत कुठलीच पुरेशी भाषा नाही, त्याला मी भविष्यकाळ कसा समजावू? ‘मोठा झाल्यावरही’ हे शब्द कसे पोचवू? ‘आधी बोलणं बघू, नाही जमलं तर खुणा’ असं म्हणता म्हणता जी वर्षं जातात ती याच संभाषणाची वर्षं असतात. आणि शेवटचा उपाय म्हणून हाती दिलेली भाषा मुलाला हरल्याची खूण वाटते. पहिल्या दिवसापासून दिली तर ती नुसती भाषा असते.

हे सगळं सांगितलं म्हणजे मूल आनंदाने स्वीकारेल, असं मी म्हणत नाही. उलट काही मुलं रडतात. ‘मला नकोय हे’ म्हणतात, मशीन फेकतात. बारा-तेराव्या वर्षी केस कानांवर ओढून घेतात, मागच्या बाकावर बसतात, बहिऱ्या मित्रांबरोबर रस्त्यात खुणा करायला लाजतात. अशा वेळी मोठी माणसं घाईघाईने यशस्वी बहिऱ्या लोकांच्या गोष्टी सांगायला लागतात. थांबा जरा. आईला दुःख करायला तुम्ही वर्षभर दिलंत, तिच्यासाठी समुपदेशक ठेवलात. मुलालाही त्याचं दुःख असू शकतं आणि ते त्याच्या आईच्या दुःखापेक्षा वेगळं आहे. त्याला ऐकू न येण्याचं दुःख बहुधा नसतं, ते त्याने कधी अनुभवलेलंच नसतं. त्याला दुःख असतं गप्पांतून बाहेर राहण्याचं. ‘हो, ते वाईटच आहे’ एवढं म्हणून शेजारी बसणारं कुणी मिळालं, तर मूल दुसऱ्या दिवशी स्वतःहून मशीन घालतं. सगळीच नाही, पण बरीच.

त्याला हाताशी काही वाक्यंही लागतात. ‘मला ऐकू येत नाही, माझ्याकडे बघून बोला.’ ‘पुन्हा सांगा, वेगळ्या शब्दांत सांगा.’ ‘लिहून द्याल का?’ ‘मला कळलं नाही.’ यातलं शेवटचं सर्वांत अवघड, आम्ही त्याचा नाटक बसवल्यासारखा सराव करतो. तुम्ही ‘स’चा उच्चार महिनोन्‌महिने घोटून घेता. त्यातली काही सत्रं या वाक्यांना द्या. उच्चार थोडा कच्चा राहिला तरी चालेल, मुलाला दुकानात, वर्गात, बसमध्ये ही वाक्यं ‘स’पेक्षा जास्त उपयोगी पडतात. आणि ती तुमच्यावरच आधी वापरू द्या. तुम्ही मान खाली घालून फाइलमध्ये लिहीत बोललात आणि मुलाने ‘माझ्याकडे बघून बोला’ म्हटलं, तर त्याला शाबासकी द्या.

बाल हक्कांच्या 1989 च्या आंतरराष्ट्रीय कराराचं बारावं कलम म्हणतं की स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलाला हक्क आहे, आणि त्याच्या वयाप्रमाणे त्या मताला वजन दिलं पाहिजे. ज्याला आपल्याबद्दलची माहितीच दिलेली नाही, ते मूल मत कशावर बनवणार? मशीनचा रंग निवडू देता, तेवढ्यावर हे कलम पूर्ण होत नाही.

तुम्ही म्हणाल, वेळ कुठे आहे. बाहेर रांग असते, मला माहीत आहे, मी त्या रांगेत लहानपणी बसले आहे आणि आता मुलांबरोबर बसते. त्यावर मला एकच उपाय दिसतो. तुमच्या केंद्रात बहिरी माणसं नेमा. पालकांना धीर यावा म्हणून वर्षातून एकदा व्यासपीठावर बोलावलेला गुणवंत नको. रोज येणारं, पगार घेणारं, वैतागणारं, हसणारं, म्हातारं होत जाणारं साधं बहिरं माणूस हवं. वॉशिंग्टनचं गॅलोडेट विद्यापीठ बहिऱ्यांसाठी 1864 मध्ये स्थापन झालं आणि 1988 पर्यंत त्याचा एकही अध्यक्ष बहिरा नव्हता. त्या वर्षी पुन्हा ऐकू येणाऱ्या व्यक्तीची नेमणूक झाली तेव्हा विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडलं आणि आठवड्याभरात आय. किंग जॉर्डन हे पहिले बहिरे अध्यक्ष झाले. बहिऱ्यांच्या जागेवरसुद्धा बहिऱ्यांना यायला 124 वर्षं लागली, मग तुमच्या केंद्रात अजून कुणी नाही याचं मला नवल वाटत नाही. पण आता नेमायला हरकत कसली?

ठोकळे आणि डबा मांडून ठेवणं, मुलाला तपासणी समजावणं, नंतर तो कागद घेऊन त्याच्याबरोबर पंधरा मिनिटं बसणं, मोल्ड कसा धुवायचा ते दाखवणं, आईला पहिल्या शंभर खुणा शिकवणं, ही सगळी कामं बहिरी व्यक्ती करू शकते आणि तुमच्यापेक्षा चांगली करेल. मुलं तिचे कान तपासतील, लग्न झालंय का विचारतील, गाडी चालवता येते का विचारतील, दाराची घंटा कशी कळते, बाळ रात्री रडलं तर काय करता, पगार किती, सगळं विचारतील. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे किंवा त्यांच्या आईवडिलांकडे नाही.

जागा निघेल तेव्हा जाहिरातीत फोन नंबरबरोबर ईमेल किंवा मेसेजची सोयही द्या आणि मुलाखतीला दुभाषी ठेवा. माझ्या हाताखालून शिकून गेलेली, हे काम आनंदाने करतील अशी तरुण मुलंमुली मला माहीत आहेत. त्यांना मी तुमच्याकडे पाठवीन.

आपली,
बहिऱ्या मुलांची एक शिक्षिका